पिंपातलं पाणी

"उकळा म्हणे," सलूनवाल्याने टीव्हीवर कात्री रोखली. "महिना झाला बोंबलतायत. आणि मी महिनाभर नळाचं पाणी पितोय. बघा माझ्याकडे."

खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने आरशातून पाहिलं. सलूनवाला खरंच ठणठणीत होता.

पुढे दुकान, मागे घर आणि मध्ये नुसता एक पडदा. पडद्यामागे त्याची बायको उकळून निववलेलं पाणी पिंपात ओतत होती. बाहेरचा शब्द न् शब्द तिच्या कानावर पडायचा आणि ऐकून ऐकून तिला वीट आला होता. पातेलं जड होतं. तिने ते ओट्यावर टेकवलं, मनगट चोळलं आणि पुन्हा उचललं.

गल्लीत तिच्या नवऱ्याला विरोधी पक्षनेते म्हणत. पेपरात जे छापून येईल, टीव्हीवर जे सांगतील, त्याच्या बरोबर उलटं याचं मत. थंडीची लाट येणार म्हटलं की हा पंखा लावून बसणार. एकदा कधीतरी याचं खरं निघालं होतं आणि तिथेच सगळा घोटाळा झाला. लोक मेंढरं आहेत, आपण मात्र स्वतःच्या डोक्याने चालतो, हे तो हाताखाली येणाऱ्या प्रत्येक डोक्याला ऐकवायचा.

नळाचं पाणी खराब असल्याची बातमी आली, त्याच दिवशी त्याने फर्मान काढलं की या घरात पाणी उकळायचं नाही. तिने वाद घालून पाहिला, मग नाद सोडला. 'उकळू नका' अशी बातमी असती तर याने स्वतः उठून गॅस पेटवला असता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तेव्हापासून तो दुकान उघडायला पुढे गेला की ती मागे पातेलं चढवायची. घरातलं पिणं, दुकानातला पाण्याचा जग, गिऱ्हाइकांचे ग्लास, सगळं त्याच पिंपातून. गॅस लवकर संपतो यात त्याला गॅसवाल्यांचं कारस्थान दिसत होतं. तिने तेही दिसू दिलं.

खुर्चीतला माणूस वायरमन होता, पलीकडच्या बिल्डिंगमधला, नुकताच बाप झालेला. बाळ बाटलीच्या दुधावर होतं. बायकोच्या डोळ्याला डोळा नाही, असं तो सांगत होता. त्यात ते पाणी उकळा, निववा, बाटल्या उकळा, पुन्हा पाणी उकळा. तिचे हाल बघवत नाहीत. आणि इथे दादा महिनाभर तसंच पितायत, त्यांना साधी शिंकही नाही.

"पटलं बुवा तुमचं," तो म्हणाला. "आत्ताच सांगतो तिला. बंद कर म्हणावं ते उकळणं." आणि त्याने अंगावरच्या कापडाखालून मोबाइल काढला.

पडद्यामागे तिचे हात थांबले. आपण गुपचूप घर सांभाळतोय असं तिला इतके दिवस वाटत होतं, आणि नवरा त्याचाच पुरावा करून गल्लीभर मिरवत होता. आता तो पुरावा एका तान्ह्या बाळाच्या बाटलीत जाणार होता. ती पडदा सारून बाहेर आली.

"थांबा, भाऊ. हे नळाचं पाणी पीत नाहीत. पहिल्या दिवसापासून मी उकळून पाजतेय यांना."

सलूनवाला हसला. मग कुणीच हसत नाही हे पाहून थांबला. टीव्ही आपला बोलतच होता.

वायरमन गळ्यातल्या कापडासकट उठला, दारात गेला आणि फोनवर बायकोला म्हणाला की काही नाही, सहज केला फोन, पाणी उकळत राहा. मग त्याने कापड काढून खुर्चीवर ठेवलं. उरलेले केस संध्याकाळी कापू, असं पुटपुटत तो अर्धेच केस कापलेलं डोकं घेऊन निघून गेला. जाताना त्याने दोघांपैकी कुणाकडेही पाहिलं नाही.

"पेपरवाल्यांचं ऐकलंस?" सलूनवाल्याने विचारलं. "माझ्या घरात राहून?"

"नाही हो. ग्लासभर पाणी घेतलं नि वास घेऊन पाहिला."

हे सांगताना तिचा आवाज चढला नाही. कधी ना कधी हे बोलून टाकलं की मोकळं वाटेल, असं तिला वाटायचं. मोकळं काही वाटलं नाही. फक्त कुठेतरी बसावंसं वाटलं, म्हणून ती गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली.

सलूनवाल्याने कात्री ठेवून पाण्याच्या जगाजवळचा ग्लास उचलला आणि बेसिनच्या नळाखाली धरून काठोकाठ भरला. हा आता हट्टाने पिणार, तिला कळलं. ग्लास काढून घ्यायला उठावं, असं मनात आलं. पण ती उठली नाही.

त्याने ग्लास उजेडात धरला. मग नाकाशी नेला. एकदा हुंगलं, थांबला, डोळे मिटून पुन्हा हुंगलं. वास येतो की नाही, हे तिला त्याच्या तोंडून खरंच ऐकायचं होतं, म्हणून ती नुसती बघत राहिली.

त्याने डोळे उघडले. चेहऱ्यावर राग नव्हता.

"पेपरात काय लिहिलंय गं," त्याने हळूच विचारलं, "वास येतो म्हणतात, की येत नाही?"