एकही माणूस वगळायचं नाही

हेलनचं कुंकवाचं बोट सखुबाईच्या कपाळाजवळ पोचलं आणि माजघरातला गलका एकदम थांबला.

"अगं अगं, ये क्या कर रही हो!" इंदुमतीबाई ओरडल्या. "ती विधवा आहे. स्वयंपाकीण आहे आमची!"

अमेरिकेहून आलेली ही पोर लोकांच्या चालीरीतींचा अभ्यास कसा करायचा ते शिकत होती. चैत्रातल्या हळदीकुंकवाला इंदूरच्या झाडून साऱ्या सरदारणी जमल्या होत्या. इंदुमतीबाईंना गोरी पाहुणी मिरवायची होती, म्हणून करंडा त्यांनीच तिच्या हातात दिला होता.

सखुबाई जागची हलली नाही. होळकरांचं राज्य होतं तेव्हा ती नवऱ्याला शोधत बेटम्याहून याच दारात आली होती. इंदुमतीबाईंनी स्वतःच्या पदराने तिचं कुंकू पुसलं होतं. "दो टाइम की रोटी मिळेल. पण विधवा म्हणून राहायचं, नाहीतर चालती हो." माहेरी कोणी उरलं नव्हतं. ती राहिली. राज्य गेलं, मध्यभारत सरकार आलं, सखुबाईचं कपाळ पांढरंच राहिलं. पोळ्या लाटताना ती रोज दातओठ खायची.

मग हेलन चुलीपाशी येऊन बसू लागली. घरातलं एकही माणूस वगळायचं नाही, असं तिच्या प्रोफेसरांनी बजावलं होतं म्हणे. "मग पोरी, मलाही वगळू नकोस हं," सखुबाई गोड हसून म्हणाली होती. उखाणा तिनेच हेलनला समजावला. एरवी नवऱ्याचं नाव ओठांवर आणायचं नाही. हळदीकुंकवाला मात्र चारचौघींत घ्यायचंच.

"एकही माणूस वगळायचं नाही," हेलन ठामपणे म्हणाली आणि तिने कुंकू टेकवलं. "आता नाव घ्या."

इंदुमतीबाई धावल्या, पण उशीर झाला होता. सखुबाईचा आवाज खणखणीत लागला.

"चैत्रगौरीपुढे ठेवली आंब्याची डाळ,
अप्पासाहेबांचं नाव घेते, आज भरलं कपाळ!"

कोणाच्या तरी हातून पन्ह्याचा पेला निसटला. अप्पासाहेबांची पहिली बायको वारली, असं ऐकूनच तर इंदुमतीबाईंच्या वडिलांनी त्यांना मुलगी दिली होती. सगळ्या सरदारणींना ते ठाऊक होतं.

हेलनला मात्र यातलं काहीच कळलं नाही. ती खुशीत इंदुमतीबाईंकडे वळली.

"आता तुम्ही. तुमच्या यजमानांचं नाव?"