गतिरोधकावरची खडखड

"दोन्ही कपांतली रसायनं सारखीच ओत आणि सावकाश ढवळ," हे म्हणाले. ओट्यावर पाइप कापून केलेले चार साचे मांडले होते. गाडीच्या चाकांच्या सांध्यातले रबरी बुश झिजले होते, म्हणून ह्यांनी पॉलियुरेथेनचे बुश घरीच ओतायला घेतले होते. "रबरापेक्षा टणक होतील. बघ, गाडी कशी गुपचूप येईल."

तेच तर मला नको होतं. गल्लीच्या तोंडाशी गतिरोधकावर गाडी खडखडली, की मी आईचा फोन ठेवायची, नंबर पुसायची आणि कणीक मळायला घ्यायची. माहेरी बोललेलं ह्यांना चालत नाही. "तीच तुझे कान भरते," म्हणतात. दिवसभरात तेवढाच माझा मोकळा श्वास, आणि तो त्या झिजलेल्या रबरावर चालला होता.

"आणि पाण्याचा थेंबसुद्धा नको," ह्यांनी बजावलं. "आतून फसफसतं, जाळी पडते. मग महिन्याभरात फाटतात."

मिश्रण साच्यांत ओतून झालं, तसे हे चिंधी आणायला बाल्कनीत गेले. मी ढवळायची काडी नळाखाली धरली आणि चारही साच्यांतून अलगद फिरवली.

साचे उघडले तेव्हा बुश वरून गुळगुळीत निघाले. "हात चांगला आहे तुझा," हे खुशीत म्हणाले. मग महिनाभर गाडी मांजराच्या पावलांनी यायची. मी फोनला हात लावला नाही.

काल गतिरोधकावर पुन्हा खडखड झाली. हातात फोन नव्हता, तरी मी सवयीने कणकेची परात ओढली. हे वैतागून आत आले. "परत ओतावे लागणार."

"ओतू की," मी म्हणाले. "ढवळायला मी आहेच."