थंड डोक्याचा माणूस

धावपट्टीवर एक विमान अडकून पडलं होतं आणि दुसरं धुक्यातून नेमकं त्याच्याच डोक्यावर उतरत होतं. वैमानिक माईकवर ओरडत होता. काकांनी खुर्चीत जरा पाठ टेकली.

"उतरू नका. वर घ्या, डावीकडे वळा," ते म्हणाले. शेजाऱ्याला दार लावून घ्यायला सांगावं, तसं.

विमान वर गेलं. डॉक्टरीणबाईंनी काकांच्या डोळ्यांवरचा हेडसेट काढला, तशी धावपट्टी, धुकं सगळं नाहीसं झालं आणि ती छोटी पांढरी खोली परत आली.

टॉवरमध्ये बसून विमानांना वाट दाखवणाऱ्यांची ही नवी परीक्षा होती. खोटी संकटं दाखवायची आणि माणूस किती ताण सोसतो ते बघायचं. मनगटावरच्या पट्ट्यातून हृदयाचे ठोके शेजारच्या पडद्यावर उमटत. ठोके फार वाढले की यंत्र किंचाळायचं. सकाळपासून प्रत्येकाच्या वेळी ते किंचाळलं होतं. एक जण तर हेडसेट फेकून बाहेर पळाला होता.

काकांच्या वेळी ते गप्प होतं.

"आता वादळ लावते हं," हेडसेट पुन्हा चढवत डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

वादळ झालं. मग इंजिनाला आग लागली, मग रडारच बंद पडलं. पडद्यावरची रेघ आपली संथ.

"काका, तुम्हाला भीती म्हणून वाटत नाही का हो?" हेडसेट काढत त्यांनी विचारलं.

"सवय झाली," काका हसले.

बायको गेली, त्याच आठवड्यात काका कामावर हजर झाले होते. तेव्हापासून कुणाचं मूल आजारी पडो, कुणाच्या बहिणीचं लग्न निघो, "तू जा रे, तुझी ड्युटी मी करतो," हे काकांचं ठरलेलं. दोन्ही वेळचं जेवण कॅन्टीनमध्येच. लांबून मुलीचा फोन आला की, "अगं, कामात आहे," एवढंच. माणूस असावा तर असा खंबीर, असं टॉवरमधले धाकटे म्हणत आणि निर्धास्तपणे रजेवर जात.

"तुमच्याइतकं शांत मी कुणाला बघितलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमची ही रेघ नव्या मुलांना दाखवणार आहे मी."

काका लाजले. कुणी इतका वेळ त्यांच्याकडे निरखून बघितल्याला बरेच दिवस झाले होते.

"आणि एक खूशखबर. साहेब म्हणाले, या माणसाने वर्षभरात एकही रजा घेतलेली नाही. उद्यापासून तुम्हाला महिनाभर भरपगारी सुट्टी. मस्त घरी बसा."

यंत्र किंचाळलं.

काकांचा हात सवयीने माईककडे गेला. "कुठलं विमान?"

"विमान नाही हो, ते केव्हाच बंद केलंय. हा पट्टा सैल झाला असेल." डॉक्टरीणबाईंनी पट्टा घट्ट बांधला. काकांनी खोल श्वास घेतला. रेघ हळूहळू खाली आली. यंत्र गप्प झालं.

"हं," त्या पुन्हा खुर्चीत टेकल्या, "तर काय सांगत होते मी? उद्यापासून घरी..."

यंत्र पुन्हा किंचाळलं.