साधा माणूस एकदम घसरत नाही

टीव्हीवरच्या मालिकेतला ग्रंथपाल सलग सहाव्या भागात घाम पुसत होता. कुणा गुंडाने दिलेलं पुडकं वाचनालयाच्या कपाटात लपवायचं, की सरळ पोलिसांकडे न्यायचं, एवढाच प्रश्न. पण त्यापायी त्याची भूक गेली होती, झोप उडाली होती, आणि दर सात मिनिटांनी त्याची घालमेल साबणाच्या जाहिरातीपाशी येऊन थबकत होती.

"साधा माणूस असा एकदम घसरत नाही," सोफ्यावरून लिफ्ट-तपासनीस म्हणाला. त्याच्या मांडीवर उशी, उशीवर फळी आणि फळीवर चौदा इमारतींचे तपासणीचे फॉर्म होते. दोर, ब्रेक, दरवाजे, धोक्याची घंटा. टीव्हीवरची नजर न हलवता तो प्रत्येकासमोर 'समाधानकारक' लिहीत चालला होता. नोकरीला लागल्यावर पहिली दोन वर्षं तो खरोखरच गच्चीवरच्या मशीनरूमपर्यंत चढायचा. मग गुडघे दुखायला लागले, आणि न चढताही एकही लिफ्ट पडली नाही.

फॉर्म वेगवेगळ्या दिवशी भरलेले वाटावेत म्हणून तो तीन पेनं वापरायचा. सगळंच समाधानकारक असलं की साहेबांना वास येतो, ही अक्कल बायकोची. दर चौथ्या इमारतीला ती एखादा किरकोळ दोष सुचवायची. आज तिने भाजी निवडता निवडता 'आतला दिवा मंद' सुचवला होता. संसाराचा गाडा असाच दोघांनी मिळून ओढायचा असतो.

मतभेद होता तो फक्त ग्रंथपालावरून. बायको म्हणत होती, पुडक्याला हात लावला तिथेच मेला कामातून गेला. तपासनिसाचं म्हणणं, अजून कुणाच्या केसाला तरी धक्का लागलाय का?

तेवढ्यात लेकीचा फोन आला. तिला सातवा महिना लागला होता, आणि गेल्याच आठवड्यात ती नि जावई नव्या भाड्याच्या जागेत राहायला गेले होते, आठव्या मजल्यावर. तपासनिसाने ती जागा अजून पाहिली नव्हती. ती इमारत आपल्याच यादीत आहे हेही त्याच्या गावी नव्हतं. फॉर्मवरचा नंबर सोडून बाकी काही वाचायची त्याला सवय नव्हती.

लेक मोठ्या मजेत होती. सांगत होती, आमची लिफ्ट सकाळपासून गचके देतेय, मजल्याच्या हातभर खाली जाऊन थांबतेय. सगळे चढायला कचरत होते. मग तिला आत लावलेल्या प्रमाणपत्रावर बाबांची सही दिसली. तिने सगळ्यांना ठणकावून सांगितलं, माझ्या बाबांनी जातीने तपासलीय, बिनधास्त चला.

तपासनिसाच्या हातातलं पेन थांबलं.

"तू कुठेयस आत्ता?"

"खाली, दारातच. सगळे आत शिरलेत, माझ्यासाठी दार धरून ठेवलंय त्यांनी."

"तू चढू नकोस. जिन्याने जा."

लेक हसली. या पोटाने आठ मजले चढू का, असं काहीतरी म्हणाली. मग तिचं हसणं मध्येच थांबलं. पलीकडे कुणीतरी तिला चला ना, चला ना म्हणत होतं. एक लहान मूल कुठलं तरी बटण दाबायला मागत होतं.

"बाबा," ती आवाज खाली आणून म्हणाली, "यांना काय सांगू?"

बायकोने टीव्हीचा आवाज बंद केला होता. ग्रंथपाल अजूनही कपाटासमोर थरथरत उभा होता. तपासनिसाला मात्र क्षणभरही विचार करावा लागला नाही.

"सांग, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."