प्लांटचं चिकन

नानाजी रस्ता ओलांडेचनात. समोर त्यांच्या लेकाची, गजेंद्रची खाण्याची गाडी होती, गाडीभोवती सावंगीत शिकणाऱ्या पोरापोरींची गर्दी होती, आणि म्हातारा इकडे चहाटपरीच्या बाकावर बसून धोतराचा सोगा चुरगाळत होता.

एरवी हा माणूस नाचणगावात कोणाला भीत नसे. गळ्यात तुळशीची माळ, तोंडात अभंग, आणि आवाज तर असा, की बाजारात त्यांच्या वांग्यांचा भाव दुसऱ्या टोकाला ऐकू जावा. पण आज पोटच्या पोराला तोंड दाखवायची लाज वाटत होती. वाटायलाच हवी होती म्हणा!

गेल्या महिन्यात देवळाच्या पंगतीत काय कमी तमाशा केला होता? गजेंद्र आपला वरणभात कालवत बसला होता. तेवढ्यात कोणीतरी नानाजींच्या कानात सांगितलं, तुमचा पोरगा सावंगीत चिकन विकतो, पाटीच लावली आहे. झालं! म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. सगळ्या गावासमोर ओरडले, "ऊठ पंगतीतून! माळकऱ्याच्या पोटी कोंबड्या विकणारा नाई पायजे मले."

"बाबा, ते खरं चिकन नाई. ऐकून त घ्या..."

"ऊठ म्हन्लं ना!"

गजेंद्र उष्ट्या हातानं उठला, तो पुन्हा घरी आलाच नाही.

यशोदाबाईंनी नवऱ्याशी बोलणं टाकलं. मग एक दिवस त्या स्वतःच बसमध्ये बसून लेकाकडे जाऊन आल्या आणि एक रिकामं पाकीट नवऱ्याच्या पुढ्यात टाकलं.

"वाचा. वाटाणा आन् सोयाबीन. हा हिरवा ठिपका दिसते का? पोरगं झाडपाल्याचं चिकन विकून राह्यलं, आन् तुम्ही त्याले भरल्या ताटावरून उठवलं. लाज नाई वाटत का जी?"

नानाजींनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. हिरवा ठिपका काही पुसला जाईना. त्या दिवसापासून त्यांना भाकर गोड लागली नाही.

शेवटी गजेंद्रनंच त्यांना पाहिलं. हातातला झारा तसाच घेऊन तो धावत रस्ता ओलांडून आला.

"बाबा! काऊन इथं बसले? चला ना तिकडं."

पोरगा चिडला असता, चार शब्द बोलला असता, तर बरं झालं असतं. त्यानं तर हात धरून नेलं आणि खुर्ची पुसून दिली. नानाजी काही बसले नाहीत. डोक्यावरची टोपी काढून ते सगळ्यांसमोर म्हणाले, "गजू, चारचौघांत तुह्या अपमान केला, त चारचौघांतच सांगतो. मी चुकलो, बापा."

पोरापोरींचं खाणं थांबलं. बापानं हात जोडलेले पाहून गजेंद्र कळवळला. "हे काय करून राह्यले बाबा! मले पापात नका पाडू."

"मंग एक प्लेट दे. तुले ताटावरून उठवलं, आता तुह्याच हातचं खातो."

गजेंद्रचे डोळे भरून आले. त्यानं कढईत नवं तेल ओतलं, बापासाठी ताजे तुकडे तळले, वर लिंबू पिळलं. नानाजींनी विठ्ठलाचं नाव घेतलं आणि घास तोंडात टाकला. वरून कुरकुरीत, आतून मऊ, रेशारेशानं सुटणारं. अरे वा! या वयात जिभेला काहीतरी नवं भेटलं. बघता बघता प्लेट साफ झाली. गाडीखालचं मांजर पायाशी येऊन ओरडत होतं, पण त्याला कोण तुकडा देतो!

"कसं लागलं?" गजेंद्रनं भीत भीत विचारलं.

"लय भारी! जलमभर सोयाबीन पेरलं, पण त्याले अशी चव असते हे मले कोणी सांगतलंच नाई."

जवळचा एक पोरगा हसून म्हणाला, "बाबाजी, आम्ही त चिकन-मटन खानेवाले लोक. आम्हालेही फरक समजत नाई. आधी थोडं चोथ्यावानी लागे. आता एकदम बढिया."

"आधीचे पाकिटं महाग पडत होते," गजेंद्र सांगू लागला. "आता नवा माणूस भेटला. मोठ्या पिशव्या देते, निम्म्या भावात. पण मी फोनवर पक्कं केलं हां, बाबा. इंग्रजीत झाडाले प्लांट म्हणतात ना? म्हणून इचारलं, हे प्लांटचंच चिकन आहे ना? त म्हणे, सारं प्लांटचंच, दुसरं आम्ही ठेवतच नाई."

नानाजी आणखी ओशाळले. पोरगं इतकी खात्री करून माल घेतं, आणि आपण? आपण एका कानगोष्टीवर भडकलो!

"आता येत्या रविवारी देवळात पंगत आहे," ते म्हणाले. "साऱ्या माळकऱ्यांले हेच वाढू. तू घरी येजो, आन् तूच वाढजो."

 गजेंद्रनं आनंदानं मान डोलावली.

तेवढ्यात एक टेम्पो येऊन थांबला. ड्रायव्हर उतरला आणि पांढऱ्या पिशव्या फ्रीजरमध्ये रचू लागला.

"बाबा, हे प्रेमदासभाऊ. प्लांटचा माल हेच आणतात."

नानाजींचं मन नुसत्या माफीनं भरलं नव्हतं. लेकासाठी आपणही काहीतरी करावं, असं त्यांना फार वाटत होतं. ते टेम्पोजवळ गेले.

"भाऊ, माह्या घरी निवडक सोयाबीन पडलं आहे. पोराच्या गाडीवर घरचाच माल येईन. तुमच्या प्लांटले चालते का?"

"चालते म्हणजे? धावते, बाबाजी!" प्रेमदास हात पुसत म्हणाला. "ट्रकच्या ट्रक लागते आम्हाले. सोयाबीनची ढेप चारल्याबिगर कोंबडी वजनच धरत नाई."