टॅबवर न चालणारी क्लिप

चौकोन पुन्हा काळाच राहिला. मधल्या बाणावर बोट ठेवलं की काहीतरी गोल गोल फिरायचं आणि मग खाली इंग्रजीत एक ओळ उमटायची. वासंतीबाईंना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण त्या ओळीचा अर्थ साहिलनं सांगून ठेवला होता. हा फॉरमॅट या टॅबवर चालत नाही.

"कॅमेऱ्याचा व्हिडिओ वेगळा असतो, आई. सोड त्याचा नाद," साहिल म्हणाला आणि डबा घेऊन कामाला गेला.

नाद सोडायला ती काही मालिका नव्हती. परवा दुपारी सगळी बिल्डिंग पंखे लावून घोरत असताना पंपाच्या खोलीजवळचा व्हॉल्व्ह कुणीतरी उघडला आणि टाकीतलं पाणी बदाबदा गटारात गेलं. लोकांनी लगेच वॉचमनला धरलं. शिवदास दुपारचा झोपतो, त्याला काढून टाका, असं मीटिंगमध्ये जवळजवळ ठरलंच होतं. सेक्रेटरीनं कॅमेऱ्याची क्लिप सोसायटीच्या वेबसाइटवर टाकली होती. पण त्यात कोण दिसतं म्हणून विचारलं, की जो तो दुसरीकडे बघायचा.

वासंतीबाईंना हे पटत नव्हतं. यजमान शेवटचे आजारी पडले तेव्हा लिफ्ट बंद होती, आणि याच शिवदासनं त्यांना पाठीवर घेऊन खाली उतरवलं होतं. अशा माणसाची नोकरी जायची आणि आपण टॅब मांडीवर घेऊन बसायचं, याची त्यांना लाज वाटत होती.

शिवाय त्या मिठागरवाल्या घरातल्या. काशीगावात अजून बिल्डिंगी उगवायच्या होत्या, तेव्हा खाडीचं पाणी कधी आत घ्यायचं आणि कधी सोडून द्यायचं, हे काम सासऱ्यांनी सगळ्या मुलांना सोडून या सुनेवर सोपवलं होतं. पाण्याशी असला खेळ करणारा माणूस त्यांच्या मते चोराहून वाईट.

मिनलच्या, म्हणजे सूनबाईंच्या फोनवरही क्लिप चालेना. निदान मिनल तसं म्हणाली, तेही पाठ केल्यासारखं, कांदा चिरता चिरता.

शेवटी देवळात जाते म्हणून सांगून वासंतीबाईंनी टॅब पिशवीत घातला आणि त्या खाली उतरल्या. गेटवर शिवदास खुर्चीतून उठला.

"तू घाबरू नको," त्या म्हणाल्या. "मी हाय. तुना कोन काढतंय तेच बघते."

"काकी, माझी नोकरी कुठं जात नाही. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

मानी माणूस. मनातून घाबरला असेल, पण तोंडावर दाखवायचा नाही. त्यानं हात करून रिक्षा थांबवली आणि ड्रायव्हरला सांगितलं, "केबिन रोड, जेसन का मोबाइल का दुकान. आराम से ले जाना." दुरुस्तीचं दुकान हवंय हे यानं न सांगता ओळखलं, याचं वासंतीबाईंना कौतुक वाटलं.

जेसन हा उत्तनचा तरुण. दुकान म्हणजे जेमतेम कपाटाएवढं, पण त्यानं त्यांना बघताच आतलं स्टूल बाहेर काढलं आणि पंखा त्यांच्याकडे वळवला. वासंतीबाईंनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. पाणी, मीटिंग, शिवदास, क्लिप. मागे दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती, तरी जेसननं मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. आजकालच्या पोरांत एवढा धीर कुठला?

मग तो म्हणाला, "आंटी, हा फॉरमॅट टॅब सपोर्ट नाही करत. राहू द्या ना."

"तू पन तेच बोलतंस. माझा पोरगा बोलतंय, सून बोलते, आता तू. इकडं एका मानसाची भाकर चाललीय रे. मना माझ्या डोल्यांनी बघाचा हाय."

जेसननं मान खाली घालून टॅबवर एक ॲप टाकलं. ते कुठलाही फॉरमॅट चालवतं, म्हणाला. काळा चौकोन हलला, आणि त्यात पंपाची खोली दिसायला लागली.

आवाज नव्हता. भिंतीला लावलेली एक मोटरसायकल, तिच्या सीटवर झोपलेलं मांजर, आणि भगभगीत ऊन. थोड्या वेळानं एक बाई आली. अनवाणी होती. साडी गुडघ्यांपर्यंत वर खोचलेली. इकडे तिकडे न बघता ती सरळ व्हॉल्व्हपाशी गेली आणि दोन्ही हातांनी तिनं तो फिरवला. मग तिथंच उकिडवी बसून ती वाहतं पाणी बघत राहिली. पळून जायची काही घाई नव्हती तिला.

वासंतीबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "कोन गो ही? भर दुपारी, लाज न्हाय काय हिला? जेसन, मोठा कर जरा. तोंड दिसू दे."

जेसननं चित्र मोठं केलं. बाई उठली, हात साडीला पुसले आणि चेहरा वर केला. चांगली समाधानानं हसत होती.

तो चेहरा वासंतीबाईंचा होता.

जेसननं टॅब हळूच त्यांच्या हातातून काढून घेतला, काउंटरवर पालथा ठेवला आणि फोन कानाला लावला.

"हां साहिलभाई, आई आज पण आल्यात. हो, तीच क्लिप, गेल्या वर्षीची. आरामात या, मी चहा मागवलाय. आणि ते ॲप काढून टाकतो, नेहमीसारखं."