पाटीखालचा फोटो

सकाळचे दहा वाजून गेले तरी बागेतला शेवटचा बाक रिकामा झाला नव्हता.

"महेंद्र, त्या फणसाखाली कोण बसलंय?" हवालदार स्नेहल साळवींनी विचारलं.

"मी बघून आलो, मॅडम. कोणी नाही तिकडे."

"मला तर दोन माणसं दिसतायत."

महेंद्रला शिपाई होऊन अजून वर्ष झालं नव्हतं. त्याने टोपी सारखी केली आणि तो मॅडमच्या मागून निघाला. सकाळी दहा ते दुपारी चार बाग बंद असते. तरी माणसं आत बसून राहतात, अशी आजूबाजूच्या सोसायट्यांची तक्रार होती. म्हणून आठवडाभर रोज पोलिसांची फेरी होती.

फणसाखाली एक म्हातारा आणि एक म्हातारी बसली होती. मध्ये फडक्यात भाकरी उघडलेली. पोलीस बघताच दोघं उभी राहिली. घाईत म्हाताऱ्याने चपला उलट्या घातल्या.

"बाग बंद झाली, काका. पाटी वाचली नाहीत?"

"चुकलं, मॅडम. आमी बाहेरगावची. मंडणगडाकडली."

"इथे कोणाकडे आलात?"

"कोणाकडं नाय. दवाखान्यात आलो होतो. सांजच्या एसटीनं परत जायाचं."

"मुलगा, मुलगी? कोणाला तरी फोन करते, येऊन घेऊन जातील."

म्हातारा जमिनीकडे बघत राहिला. "नाय. मूलबाळ नाय आमाला."

म्हातारी भाकरीचं फडकं बांधत होती. तिच्या हातातली गाठ सुटली. तिने ती पुन्हा मारली.

"नावं लिहून घे, महेंद्र."

महेंद्रने वही उघडली. "नाव?" त्याने वहीतच बघत विचारलं.

"दत्ताराम."

"आडनाव?"

म्हातारा जरा थांबला. "कदम," तो म्हणाला. "हिचं नाव तुळसा."

महेंद्रने लिहून घेतलं.

"आता गेटवर पाटीखाली उभं करून फोटो काढ. पोलीस ठाण्याच्या ग्रुपवर टाकायचाय."

"म्हातारी माणसं आहेत, मॅडम. राहू दे ना."

"काल कॉलेजच्या पोरांचा काढताना तुला हसू येत होतं. नियम सगळ्यांना एकच."

गेटवर दोघांना उभं केलं. जाणारी रिक्षा हळू झाली. मासळीच्या पाट्या घेऊन निघालेल्या दोन बायका थांबून बघत राहिल्या. म्हाताऱ्याने मान खाली घातली. तुळसाबाईंनी मात्र पदर डोक्यावर नीट घेतला आणि मोबाइलकडे बघून थोडंसं हसल्या. फोटो काढताना हसायचं असतं, एवढंच त्यांना माहीत असावं.

पहिला फोटो हलला.

"नीट धर रे. पुन्हा काढ."

दुसरा नीट आला. महेंद्रने तो ग्रुपवर टाकला.

"पुन्हा आत दिसलात तर दंड होईल," असं सांगून मॅडम जीपकडे गेल्या. महेंद्र गेटची कडी लावायला मागे राहिला. कडी लागली, तरी तो तिथेच पाठमोरा उभा होता.

म्हातारा त्याच्याकडे न बघता रस्त्याला लागला. म्हातारी मात्र थांबली. जीपकडे एकदा नजर टाकून ती जवळ आली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली,

"म्हेंद्रा, तुझ्या सासरची माणसं गेली असतील काय रं? आता आमी घरी आलो तर चालल?"